मावशी कुठे गेली?

बालवाडीच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला तो सुतार आला, तेव्हा काम दोन दिवसांचं होतं. ते पाच दिवस चाललं. गुडघ्याएवढ्या सव्वीस खुर्च्या, त्यातल्या नऊ डुगडुगणाऱ्या. तो मागच्या अंगणात बसून त्यांचे पाय बसवायचा आणि मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करायची. त्यानं कुणाला हुसकून लावलं नाही. एकाच्या हातात पॉलिशपेपरचा तुकडा दिला, दुसरीला लाकडाच्या सालपटांचा ढीग करायला सांगितला, आणि जी मुलगी नुसतीच बघत उभी होती तिला नुसतंच बघू दिलं.

पाचव्या दिवशी मावशी त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या. मावशी म्हणजे बालवाडीतल्या मदतनीस. झाडणं, पुसणं, डबे उघडून देणं, मुलांचं शी-शू, सगळं त्यांच्याकडे. एकोणीस वर्षं हेच.

"सकाळपासून चार वेळा तीच खुर्ची ठोकतोयस," त्या म्हणाल्या. "जायचं नाहीये असं सरळ सांग की."

तो ओशाळून हसला.

"बालवाडीत शिकवायचं शिक्षण असतं. वर्षाचा कोर्स आहे. जा की."

"मी? सगळ्या बायकांत?"

"मुलं सांभाळणं बायकांचं काम आहे, हे मुलांना कुठे ठाऊक असतं?" मावशी म्हणाल्या आणि रिकामा कप घेऊन आत गेल्या.

तो गेला. एकतिसाव्या वर्षी, रंधा आणि करवत माळ्यावर ठेवून. पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रशिक्षण वर्गाच्या मॅडम त्याच्यापाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाला सोडायला आलात का?" बावीस बायका खळखळून हसल्या. तोही हसला. आठवडाभरात त्या सगळ्यांचा तो भाऊ झाला, आणि वर्गातल्या कपाटाचं कुरकुरणारं दार त्यानं गुपचूप नीट करून टाकलं.

रोज दुपारी वर्ग असे, सकाळी प्रत्यक्ष काम. कामासाठी त्यानं तीच बालवाडी मागून घेतली. त्याची उंची बघून मुलांनी त्याचं नाव जिराफदादा ठेवलं. वर्गात मॅडम शिकवायच्या, पण खरं शिकणं मावशींच्या हाताखाली झालं. मुलाशी बोलायचं तर आधी खाली बसायचं, हे मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं होतं. खाली बसल्यावर तोंड बंद ठेवायचं असतं, हे मावशींनी शिकवलं. रडणाऱ्या मुलाला त्या लगेच उचलून घ्यायच्या नाहीत. शेजारी बसून रुमालांच्या घड्या घालत राहायच्या. थोड्या वेळानं मूल आपणच सरकत सरकत मांडीला येऊन टेकायचं.

एक चार वर्षांची मुलगी तर मावशींची सावलीच होती. तिला सगळे बटण म्हणायचे, कारण तिचा हात सतत कुणाच्या तरी बटणाशी चाळा करत असे. इतर मुलं आईचा हात सोडताना रडत. ही घरी जाताना मावशींचा हात सोडायला रडायची. मॅडमनी प्रत्येकाला एका मुलाचं निरीक्षण वहीत लिहायला सांगितलं होतं. त्यानं बटणला निवडलं. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं, 'ही मुलगी हळवी आहे.' मॅडमनी त्यावर लाल काट मारली. "हळवी म्हणजे काय? तुम्हाला काय दिसलं? तेवढं लिहा. वाटलेलं नंतर."

सहा महिने असे गेले. मग एका रविवारी मावशी गेल्या.

शनिवारी संध्याकाळी घरी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांच्या मुलानं त्यांना दवाखान्यात नेलं, रविवारी दुपारी सगळं संपलं. त्याला हे सोमवारी सकाळी साडेसातला कळलं. बालवाडीच्या ऑफिसात मोठ्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. बालवाडी त्यांनीच सुरू केलेली, आणि पहिल्या दिवसापासून मावशी त्यांच्यासोबत. शेजारी दुसऱ्या वर्गाची तरुण ताई उभी होती, डोळे पुसत.

"मुलांना सांगायचं की मावशी गावाला गेल्या," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "आठ-पंधरा दिवसांत विसरतील. नवी मदतनीस येईल."

तो टेबलापाशी पुढे आला.

"बाई, तसं नको," तो म्हणाला.

आजवर या खोलीत तो कधी मध्ये बोलला नव्हता. दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"खरं सांगायला हवं," तो म्हणाला.

"अरे, चार वर्षांची पोरं आहेत ती."

"मला माहितीये."

"तुला काय माहितीये? शिकाऊ आहेस तू अजून," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी हातानं कपाळ दाबलं. "रागावू नकोस. आज माझ्यात त्राण नाही. आज फक्त, मावशी आल्या नाहीत, एवढंच सांगा. बाकी बघू."

तो बाहेर आला. सांगायचं ते सांगता आलं नाही. कारण सांगायचं म्हणजे स्वतःचंच सांगावं लागलं असतं.

तो पाच वर्षांचा असताना त्याची आई आजारी पडली. त्याला शेजारच्या घरी ठेवलं. परत आणलं तेव्हा आई नव्हती, आत्या होती. "आई गावाला गेलीये," आत्यानं सांगितलं. वडील त्याआधीच घर सोडून गेले होते, त्यामुळे दुसरं विचारायला कुणी नव्हतं. आदल्या आठवड्यात त्यानं दूध प्यायला नकार देऊन पेला भिंतीवर फेकला होता, आणि आई म्हणाली होती, "असं करशील तर मी जाईन हं निघून." ती गेली. तो रोज सगळं दूध प्यायला लागला. दोन वर्षं त्यानं खिडकीशी बसून ते प्यायलं. मग गल्लीतल्या भांडणात एक मुलगा ओरडला, "तुझी आई मेलीये, सगळ्यांना माहितीये!" तो घरी आला आणि आत्याला काहीच विचारलं नाही. आत्यानंही कधी विषय काढला नाही. त्याला कळलंय असं हळूहळू घरात धरूनच चाललं गेलं.

सोमवारी मुलांनी विचारलं. 'आज आल्या नाहीत' एवढ्यावर ती गप्प झाली. मंगळवारी मात्र एकानं ताईचा पिच्छाच पुरवला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, गावाला गेल्यात मावशी. येतील."

बुधवारी बटण आली ती फ्रॉकच्या खिशात काहीतरी घट्ट धरून. दाराच्या पायरीवर बसली. चपला काढेना. आत येईना. त्यानं मावशींसारखं केलं: शेजारी बसला, तोंड बंद ठेवलं. अर्ध्या तासानं तिनं खिशातली वस्तू दाखवली. अर्धं बिस्किट होतं.

"मावशीला," ती म्हणाली. "गावाहून आली की भूक लागेल."

तो तिथून उठला नाही. मांडीवर वही घेऊन लिहीत राहिला.

मुलं घरी गेल्यावर तो ऑफिसात गेला आणि वही मोठ्या बाईंसमोर उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावला. पानावर त्याच्या सुताराच्या अक्षरात फक्त वेळा होत्या. आठ चाळीस, पायरीवर, चपला पायात. नऊ दहा, पायरीवर, रस्त्याकडे बघते. नऊ पन्नास, फाटक वाजलं, उठून उभी राहिली, दूधवाला होता, पुन्हा बसली. दहा पस्तीस, डबा खाल्ला नाही. अकरा वीस, फाटक वाजलं, उभी राहिली. पान बारापर्यंत भरलं होतं.

मोठ्या बाईंनी शेवटपर्यंत वाचलं.

"मी दोन वर्षं बसलो होतो असा," तो म्हणाला, आणि मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. दुधाच्या पेल्यासकट. ते त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या. "मलाच ते शब्द तोंडातून काढायचे नव्हते रे," त्या म्हणाल्या. "मुलांचं नाव पुढे करून मी मलाच वाचवत होते."

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडमनी मोजकंच सांगितलं: 'झोपल्या' म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतील. 'देवानं नेलं' म्हणू नका, मुलं देवाला घाबरतील. 'मेल्या' हाच शब्द वापरा. आणि आधी पालकांना बोलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं आत गेल्यावर पालकांना अंगणात थांबवून घेतलं. बहुतेक जण गप्प राहिले. एका मुलाचे बाबा मात्र तावातावानं पुढे आले. "आम्ही पोराला इथे गाणी-गोष्टी शिकायला पाठवतो. मरण शिकवायला नाही."

"आम्ही शिकवत नाही आहोत," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "ते आधीच इथे येऊन गेलंय. आम्ही फक्त खोटं बोलायचं थांबवतोय."

ते बाबा मुलाला घेऊन निघून गेले. मुलाला कळेना, आज डबा न खाताच घरी का चाललोय.

सांगायचं मोठ्या बाईंनी असं ठरलं होतं. चटईवर पंचवीस मुलं गोल करून बसली. बाई बसल्या, "आपल्या मावशी," म्हणाल्या, आणि पुढे त्यांना शब्दच फुटेना. त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

तो त्यांच्या शेजारी चटईवर येऊन बसला.

"आपल्या मावशी आजारी पडल्या," तो म्हणाला, "आणि त्या मेल्या. त्या गावाला गेलेल्या नाहीत. ते आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मेल्या म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं. आता त्यांना चालता येत नाही, खाता येत नाही, दुखत पण नाही. त्या परत येणार नाहीत."

मग एका मुलानं हात वर केला.

"मग माझी शी कोण धुणार?"

ताईच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं.

"मी धुणार," तो म्हणाला.

"तुझे हात मोठे आहेत."

"सावकाश धुईन."

मग प्रश्नांची रांगच लागली. डॉक्टरनी औषध नाही दिलं का? दिलं, पण लागू पडलं नाही. तिचा चष्मा कुठे आहे? त्यांच्या मुलाकडे. ती किती दिवस मेली राहणार? कायम. कायम म्हणजे माझ्या वाढदिवसापर्यंत? त्याच्यानंतरही. दोन मुलांना यात काही रस नव्हता, ती ठोकळ्यांकडे सरकली होती. एक मुलगी रडायला लागली आणि तिला बघून आणखी चौघं.

बटण रडली नाही. ती उठली, गोलाच्या मधून चालत आली आणि त्याच्या शर्टाचं खालचं बटण पकडलं.

"मी टाटा नव्हता केला," ती म्हणाली.

"कधी?"

"ती जाताना. मी रुसले होते." बटण तिनं इतकं पिरगाळलं की धागा ताणला गेला. "म्हणून मेली?"

आवाज त्यानं हलू दिला नाही.

"नाही. तू टाटा केला असतास तरी त्या मेल्या असत्या. तू रुसल्यामुळे कुणी मरत नाही. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं. तिनं पाच वेळा सांगायला लावलं, आणि पाचही वेळा त्यानं तेच शब्द, त्याच क्रमानं सांगितले. मग ती त्याच्या मांडीवर बसली आणि मोठ्यानं रडली.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं आत्याला समोर बसवलं. आत्या आता सत्तरीची. त्याच्या या नव्या शिक्षणाची ती टिंगल करायची: "नाकं पुसायला वर्षभर शाळा लागते होय रे?" ती भाजी निवडत होती.

"आत्या, आई गेली त्या दिवशी काय झालं?"

तिचे हात थांबले. सव्वीस वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं.

"सकाळी गेली," ती म्हणाली. "तुला आण म्हणत होती. तीन दिवस म्हणत होती. मी म्हणायचे, उद्या आणते. तुला तिथलं सगळं दिसायला नको म्हणून. मग उद्या आलाच नाही." तिनं भाजी बाजूला सारली. "मी तुलाही खोटं सांगितलं आणि तिलाही. तुला सांगेन सांगेन म्हणत राहिले, पण तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, पोरगं विसरलं."

त्याला राग आला होता, खूप जुना राग. पण समोर बसलेल्या म्हातारीवर तो काढताही येईना.

"ती दुसरं काय म्हणायची?"

"विचारायची, दूध पितो का म्हणून."

तो उठून गॅलरीत गेला. कठड्याला धरून उभा राहिला. आत्या मागून आली नाही, आणि त्याचं त्याला बरंच वाटलं. तासाभरानं आत येऊन त्यानं उरलेली भाजी निवडून दिली. त्यानंतर दोन-तीन आठवडे दोघं अधूनमधून आईबद्दल बोलत राहिले. ती जाड अक्षर काढायची, तिला पोहायला यायचं, ती हसताना तोंडावर हात ठेवायची. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बालवाडीत सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यानं 'आजारी पडल्या आणि मेल्या' म्हटलं होतं. दुसऱ्याच दिवशी सर्दी झालेला एक मुलगा घरी किंचाळायला लागला की मी आता मरणार. त्याची आई सकाळी येऊन जिराफदादाला नाही नाही ते बोलली. त्यानं ऐकून घेतलं, माफी मागितली, आणि मुलाला जवळ घेऊन सांगितलं की सर्दीनं नाक वाहतं, माणूस मरत नाही. मावशींचं हृदय बिघडलं होतं, आणि ते खूप, खूप मोठं दुखणं असतं. हे त्याला आठवडाभर रोज सांगावं लागलं. रागावून गेलेल्या त्या बाबांचा मुलगा परत आला नाही. त्याच्या पिशवीची खुंटी महिनाभर रिकामी होती, मग ती एका नव्या मुलीला दिली.

मुलं मरण्याचा खेळ खेळायला लागली. एकजण चटईवर आडवा पडायचा, बाकीचे त्याच्याभोवती ठोकळे रचायचे. "शी, हे काय अभद्र!" म्हणत ताई थांबवायला धावली, तेव्हा नेमक्या मॅडम त्याची परीक्षा घ्यायला आलेल्या होत्या. त्यांनी तिला हातानंच थांबवलं आणि साडी सावरत खाली बसल्या. आडवा पडलेला मुलगा थोड्या वेळानं उठून म्हणाला, "मी खोटा मेलो होतो. मावशी खरी मेली." आणि दुसऱ्याची पाळी आली.

जाताना मॅडमनी त्याच्या वहीवर सही केली. "'आजारी' हा शब्द नुसता सोडायला नको होता," त्या म्हणाल्या. "त्याचे गुण कापलेत." मग वही त्याच्या हातात देताना थोड्या थांबल्या. "बाकी काही कापायचं नाही मला."

वर्ष संपलं. तो पास झाला, पहिला-दुसरा काही आला नाही. मोठ्या बाईंनी त्याला ठेवून घेतलं. नवी मदतनीस आली. ती भराभर काम करणारी होती, मावशींसारखी नव्हती, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा कुणी केलीही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या एका दुपारी तो मुलांचे ब्रश धुऊन वाळत घालत होता. बटण त्याच्याजवळ आली. आता ती पाच वर्षांची झाली होती, सुट्टीनंतर मोठ्या शाळेत जाणार होती.

"दादा, मावशी अजून मेलेलीच आहे?"

त्यानं ब्रश खाली ठेवला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"हो. अजून."

"मी मोठ्या शाळेत गेल्यावरपण?"

"तेव्हापण."

ती विचार करत उभी राहिली. तिच्या नाकावर निळा रंग लागला होता.

"बरं," ती म्हणाली, आणि हात धुवायला निघून गेली.